रिटायर होऊन दापोलीला जायचंय? आधी शेवटचा अर्धा किलोमीटर चालून बघा

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. दापोली गावात, कॅम्पच्या (मुख्य बाजारपेठेच्या भागाच्या) आसपास, भाड्याने राहायला चांगलं आहे, साठी उलटलेल्यांनाही. समुद्राच्या बाजूला डोंगर कापून जे सी व्ह्यू प्लॉट विकतायत ते म्हातारपणी कायम राहायला घेऊ नका. सुट्टीला यायला घ्या, पैसे असतील तर, पण सत्तरीत तिथे दोघांनीच राहायचं असेल तर नको म्हणजे नको. मेच्या उन्हात फिरून आत्ताच परत आलोय, पोटऱ्या भरून आल्यात आणि राग अजून उतरलेला नाही, तरी लगेच लिहितेय कारण आणखी कोणी टोकन देऊन बसायच्या आधी हे वाचलं पाहिजे.

तुम्हाला चालायची सवय आहे, गुडघे बरे आहेत आणि पायात नीट बूट आहेत असं धरून चालतेय.

एजंटने फोनवर सांगितलं होतं की जागा रोड टच आहे, पाणी बारमाही आहे आणि हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर. गेल्यावर कळलं की डांबरी रस्ता वरच संपतो आणि तिथून प्लॉटपर्यंत जेसीबीने ओरबाडलेला लाल मातीचा उतार आहे. अर्धा किलोमीटर असेल. बाजूला गटार नाही, कठडा नाही, मधेमधे कातळ उघडा पडलेला आणि त्यावर जांभ्याचे सुटे खडे, पाय ठेवला की सरकतात. उतरताना दहा मिनिटं लागली. चढताना तीनदा थांबलो, ह्यांना तर एका ठिकाणी बसावंच लागलं, आणि ते रोज सकाळी टेकडी चढणारे आहेत. हे सगळं कोरड्या मेमध्ये. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो या उतारावरून खाली येणार तेव्हा रस्ता राहील की ओढा होईल ते तुम्हीच ठरवा. गॅसचं सिलिंडर कोण आणणार, पाण्याचा टँकर कसा उतरणार, आणि रात्री दोन वाजता माणसाला स्ट्रेचरवर वर कसं न्यायचं? मी हे विचारलं तर एजंट म्हणाला, काकू, वाडीतली चार पोरं बोलवू की, उचलून नेतील. मग आम्ही त्या वाडीत गेलो. निम्म्याहून जास्त घरांना कुलूप. एक म्हातारे अंगणात बसले होते, त्यांनी सरळ सांगितलं की पोरं सगळी मुंबईला, माणसं बघायची असतील तर गणपतीला नाहीतर शिमग्याला या. पूर्वी आजाऱ्याला डोलीत घालून पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, वर न्यायचे हे खरं आहे, पण डोली उचलायला चार खांदे लागतात आणि ते आता गावात नाहीत.

त्या उताराचं अजून एक. तो नकाशात नाहीच. गट नकाशा, म्हणजे जमिनीच्या गट नंबरांचा सरकारी नकाशा, मागितला तर एजंटने रंगीत लेआउट पुढे केला. तलाठ्याकडे जाऊन बघितलं तेव्हा कळलं की रस्ता दुसऱ्याच गटातून काढलाय, त्या मालकाने तोंडी परवानगी दिलीय म्हणे. तोंडी! उद्या त्याने किंवा त्याच्या पोरांनी दगड टाकून वाट अडवली की तुमचं घर खाली आणि तुम्ही वर, मग फिरा तहसीलदाराकडे अर्ज घेऊन. रस्त्याचा हक्क नोंदणीकृत दस्तात असेल तरच पुढे बोला.

आणि गाडी. साइट बघायला आमची गाडी येईल, तुम्हाला काही खर्च नाही असं सांगितलेलं. आम्ही प्लॉट नको म्हटल्यावर संध्याकाळी ड्रायव्हरने अडीच हजार मागितले आणि एजंटने फोन उचलणं बंद केलं. बरीच हुज्जत झाली, शेवटी दीड हजार देऊन सुटलो. तुम्ही जाणार असाल तर स्वतःची गाडी न्या किंवा दापोली स्टँडवरून रिक्षा ठरवा, जाऊन येऊन आणि थांबण्याचे पैसे आधी बोलून घ्या, विकणाऱ्याच्या गाडीत पाय ठेवू नका. त्याच्या गाडीत बसलं की तो दाखवेल तेवढंच बघून होतं हाही तोटा आहेच.

आता डॉक्टर, कारण आमच्या वयाला खरा प्रश्न तोच. पंधरा मिनिटांवरचं हॉस्पिटल म्हणजे एका डॉक्टरांचा दवाखाना, तोही त्या दिवशी बंद. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, खाजगी डॉक्टरही आहेत, ताप, फ्रॅक्चर, सलाईन यासाठी अडत नाही. मोठं काही झालं तर लोक सावर्ड्याजवळच्या डेरवणच्या वालावलकर हॉस्पिटलचं नाव घेतात. आम्ही प्लॉटच्या वरच्या डांबरी टोकापासून डेरवणपर्यंत मुद्दाम घड्याळ लावून गेलो, दिवसाढवळ्या, कोरड्या रस्त्यावर दोन तासांच्या वर लागले. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. त्यात रात्र, पाऊस, १०८ची गाडी येईपर्यंतचा वेळ आणि तो उतार मिळवा आणि बघा किती उरतं. दापोली-खेड रस्ता तिसेक किलोमीटरचा पण सगळा वळणांचा, रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास होत असेल तर स्वतः चालवू नका.

पाणी बारमाही हेही बघून घ्या, आणि बघायचं ते मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातच. जांभा दगड सच्छिद्र, कितीही पाऊस पडला तरी पाणी झिरपून खाली निघून जातं, त्यामुळे एवढ्या पावसाच्या मुलखात एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. डिसेंबरमध्ये विहीर भरलेली दाखवतात आणि लोक भुलतात. आम्हाला दाखवलेल्या विहिरीत तळाला हातभर पाणी होतं आणि त्यावर सगळ्या लेआउटची मदार. एजंटचं ऐकत बसू नका, शेजारच्या घरातल्या बाईला विचारा, पाणी भरायला किती लांब जाते ते ती सांगेल.

कागदांचं थोडक्यात. तुमच्या नावावर शेतजमीन नसेल तर शेतीचा प्लॉट तुम्हाला थेट घेता येत नाही, १९४८च्या कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, तेव्हा एनए (बिनशेती) झालेली किंवा गावठाणातली जागाच बघा आणि एनएचा आदेश हातात घेऊन वाचा, होणार आहे या शब्दावर एक रुपया देऊ नका. सातबारा सामाईक असेल, वीस-पंचवीस नावं आणि त्यातली अर्धी मुंबईत, तर सोडून द्या, एकाची सही राहिली तरी अडकता. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग (मालकी कुठल्या प्रकारची ते) आणि इतर हक्काचा रकाना बघा, तिथे कुळ, म्हणजे जमीन कसणाऱ्याचा हक्क, निघतं. समुद्राजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम. कमी वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम होत नाही आणि पुढे ५०० मीटरपर्यंतही परवानगी लागतेच. वकील स्वतःचा न्या.

मुरुड, कर्दे, लाडघर, हर्णैला मासळीचा लिलाव, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हे सगळं झालं आणि छान झालं, त्यावर काय लिहायचं. राहण्याच्या दृष्टीने एवढंच सांगते की किनाऱ्यावरच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने गेट, ग्रिल, एसी काही टिकत नाही, आणि ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात केळशी, आंजर्ले, मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी इन्व्हर्टर संपल्यावर विहिरीतून पाणी कसं काढलं ते ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. पंप वीजेवर, आणि कंबर सत्तरीची.

दापोली गाव मात्र खरंच आवडलं, ते मनापासून सांगते. आठशे फुटांवर असल्यामुळे खालच्यापेक्षा उकाडा कमी, संध्याकाळी फिरायला सपाट रस्ते, बाजार पायी जाण्यासारखा, कृषी विद्यापीठ १९७२पासून तिथे असल्यामुळे शिकलेली वस्ती, औषधाची दुकानं, बँका, स्टँड सगळं जवळ. गाडी चालवणं सुटलं तरी माणूस अडकून पडणार नाही आणि माझ्या मते रिटायर माणसाला जागा निवडताना पहिली कसोटी हीच लावावी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ला अर्धं, ७५च्या पुढे फुकट, ते धरा. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२०पासून बंद आहे.

जाताना: खेड स्टेशनला रात्री उतरू नका, स्टेशन गावाबाहेर आणि उशिरा रिक्षावाले सांगतील तो भाव. मांडवी एक्सप्रेसने दिवसा उतरा, मग एसटीने दापोली. वंदे भारत खेडला थांबते पण पावसाळ्यात आठवड्यातून तीनच दिवस असते आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं, ते बघूनच तिकीट काढा. मुंबईहून गाडीने जाणाऱ्यांना कशेडीचा बोगदा झाल्यामुळे घाटाचा त्रास वाचला. पुण्याहून वरंध घाटाच्या भरवशावर पावसाळ्यात निघू नका, तो बंद ठेवतात, ताम्हिणीने जा. गुहागर बाजू पण बघायची असेल तर दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट आहे, गाडीसकट जाते, नाहीतर फार मोठा वळसा पडतो.

आम्ही जुलैपासून गावात एक ब्लॉक अकरा महिन्यांच्या करारावर घेतोय, तळमजला, स्टँडपासून चालत पाच मिनिटं. तिथून पावसात त्या उतारावर परत जाऊन फोटो काढून टाकणार आहे, प्लॉट विकत घ्यायच्या बेतात असलेल्यांनी तेवढं थांबा.