८६ सेंटिमीटरची रेघ: लहान मुलांच्या आयात कपड्यांचे वर्गीकरण

नाशिकमध्ये लहान मुलांच्या कपड्यांचा व्यापार करणारे जे दुकानदार परदेशातून थेट माल मागवू पाहतात, त्यांच्याकडून मला नेहमी एकच प्रश्न येतो: ‘दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचा माल आहे, एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा कोड) कोणता टाकायचा?’ आयातीची कागदपत्रे हेच माझे काम असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी नीट लिहून ठेवायचे ठरवले, कारण प्रश्नात वय आहे आणि कायद्यात वय नाही.

सीमाशुल्क दरसूचीत तयार कपड्यांची मुख्यतः दोन प्रकरणे आहेत. होजिअरीचे, म्हणजे निट कापडाचे कपडे प्रकरण ६१ मध्ये जातात आणि मागावर विणलेल्या कापडाचे प्रकरण ६२ मध्ये. बाळांच्या कपड्यांसाठी पहिल्यात ६१११ आणि दुसऱ्यात ६२०९ हे स्वतंत्र शीर्षक, म्हणजे चार अंकी कोड, आहे. ‘बाळांचे कपडे’ कोणते, हे प्रकरणांच्या टिपांत स्पष्ट दिलेले आहे: ज्यांची उंची ८६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही अशा लहान मुलांसाठीचे. शिवाय निट कपडा ६१११ मध्ये आणि त्याच प्रकरणातील दुसऱ्या शीर्षकातही बसत असेल, तर तो ६१११ मध्येच धरायचा. त्यामुळे मोठ्या मुलाचा निट टी-शर्ट ६१०९ मध्ये आणि स्वेटर ६११० मध्ये जात असला, तरी बाळाच्या मापाचे हे दोन्ही कपडे ६१११ मध्येच येतात.

हा उंचीचा निकष मला अतिशय योग्य वाटतो, कारण वयाचा अंदाज बांधावा लागतो आणि माप मोजता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मानकांनुसार दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची मध्यम उंची ८७.१ आणि मुलीची ८५.७ सेंटिमीटर असते. म्हणजे ही रेघ नेमकी दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास पडते आणि ‘दोन वर्षे’ एवढेच छापलेले लेबल त्या रेघेच्या कोणत्याही बाजूला पडू शकते. युरोपीय पद्धतीच्या लेबलवरील ८०, ८६, ९२ हे आकडे मुलाची सेंटिमीटरमधील उंचीच दाखवतात, म्हणून पुरवठादाराकडून तेच माप मागून घ्यावे. एकाच डिझाइनचा ७४ ते ९८ मापांचा माल एका खोक्यात आला, तर इन्व्हॉइसवर त्याची एक ओळ पुरत नाही. ८६ पर्यंतचे नग वेगळे आणि त्यापुढचे वेगळे, अशा दोन ओळी हव्यात. माझ्या पाहण्यात सर्वाधिक घोळ इथेच होतो.

रेघ ओलांडली की पुष्कळ ठिकाणी मुलगा की मुलगी हा प्रश्नही उभा राहतो, जो ६१११ मध्ये नसतोच. पुढून उघडणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो मुलाचा, उजवी डावीवर येत असेल तर मुलीचा. कोणाचा हे ठरवताच येत नसेल, तर तो मुलींच्या शीर्षकात जातो. कोणीही घालावा असा ९२ मापाचा निट नाइटसूट म्हणूनच मुलींच्या ६१०८ मध्ये बसतो, मुलांच्या ६१०७ मध्ये नाही.

त्यानंतर धागा पाहावा. मिश्र कापडात वजनाने जो तंतू अधिक, तो धरायचा. सुती ६० टक्के आणि पॉलिस्टर ४० टक्के असलेले झबले ६१११ २० मध्ये, म्हणजे सुती कपड्यांत जाते. दोन्ही निम्मे-निम्मे असतील, तर क्रमाने शेवटी येणाऱ्या तंतूचा नियम लागून ते ६१११ ३० मध्ये, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या कपड्यांत जाते. नवजात बाळाच्या भेटसंचात निट झबले आणि मलमलचा फ्रॉक एकत्र असले, तरी दोन्ही आपापल्या शीर्षकातच दाखवावे लागतात. सुटे आणलेले निट टोपडे मात्र ६५०५ मध्ये, शिरोवस्त्रांत जाते. गोकुळाष्टमीसाठी आणलेला कापडी कृष्णवेष खेळणी म्हणून प्रकरण ९५ मध्ये दाखवता येत नाही. तो कपडाच आहे. निव्वळ प्लॅस्टिकच्या पत्र्याचा रेनकोट मात्र कितीही लहान मापाचा असला तरी ३९२६ मध्ये जातो.

‘सीएचए (सीमाशुल्कातून माल सोडवून देणारा दलाल) बघून घेईल’ हे उत्तर मला पटत नाही. तो न्हावा शेवा बंदरावर बसून कागद पाहतो, कपडा पाहत नाही. २०११ पासून आयातदारानेच शुल्काचे स्वयंनिर्धारण करायचे आहे, म्हणजे कोड आणि शुल्क स्वतः ठरवून जाहीर करायचे आहे. शुल्क कमी भरले गेले, तर साधारणपणे दोन वर्षांपर्यंत आणि माहिती जाणूनबुजून दडवली असेल तर पाच वर्षांपर्यंत मागणीची नोटीस येऊ शकते. मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर सवलत घ्यायची असेल, तर त्यावरील कोडही मालाशी जुळावा लागतो. लहान दुकानदाराला अशी नोटीस फार जड जाते, म्हणून ऑर्डर देतानाच प्रत्येक मापाची उंची, कापड निट आहे की मागाचे, तंतूंची टक्केवारी आणि पुढची उघडझाप ही माहिती लेखी मागवावी. एवढे करूनही शंका उरली आणि माल नियमित येणार असला, तर पहिली खेप निघण्यापूर्वी मुंबईच्या सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे कोड आधीच ठरवून घेण्यासाठी अर्ज करता येतो.