अल्पिन ए११०ची किंमत नेमकी कशाची?

अल्पिन ए११० ही जुनी फ्रेंच स्पोर्ट्स कार विकायला निघाली की बहुतेकांची नजर आधी तिच्या निळ्या रंगावर आणि चकाकीवर खिळते. मला मात्र गाडीखाली वाकून तिचा पोलादी कणा पाहिल्याखेरीज किमतीचा शब्दही काढावासा वाटत नाही.

फ्रान्समधील दिएप येथे ज्याँ रेदेले यांनी १९६२ मध्ये पुढे आणलेल्या या गाडीची रचनाच तशी आहे. मधोमध एक जाड पोलादी नळी, तिच्यावर फायबरग्लासची बॉडी आणि मागच्या बाजूला रेनॉचे इंजिन, एवढ्या सामग्रीवर सुरुवातीच्या गाड्यांचे वजन ६०० किलोंच्या आसपास राहिले. फायबरग्लास गंजत नाही, त्यामुळे बाहेरून सुरेख दिसणाऱ्या गाडीचा कणा आतून गंजलेला असू शकतो. शिवाय साच्यातून नवी बॉडी काढता येते आणि यांत्रिक भाग रेनॉच्या साध्या गाड्यांशी जुळतात, म्हणून प्रतिकृती उभी करणे अवघड नाही. अस्सलपणा अखेर मूळ चासी (म्हणजे तोच पोलादी कणा), तिचा क्रमांक आणि पहिल्या मालकापासूनची सलग कागदपत्रे यांच्यावरच येऊन ठरतो.

सर्वाधिक मागणी मोठ्या इंजिनाच्या १६०० एस आणि तिच्या स्पर्धेसाठी बनवलेल्या बहिणींना असते, आणि त्यामागे रॅलीचा इतिहास आहे. १९७१ची माँटे कार्लो रॅली ओव्ह अँडरसन यांनी याच गाडीने जिंकली. १९७३ मध्ये ज्याँ-क्लोद आंद्रुए पहिले आले आणि दुसरा व तिसरा क्रमांकही अल्पिननेच पटकावला. त्याच वर्षी सुरू झालेले निर्मात्यांचे जागतिक रॅली विजेतेपदही तिच्याकडेच गेले. १३०० घनसेंटिमीटरची साधी गाडी तुलनेने स्वस्त मिळते. स्पेन, मेक्सिको आणि बल्गेरियातही परवान्याने अल्पिन बनल्या; त्यांना दिएपच्या गाडीइतका भाव सहसा मिळत नसला, तरी मेक्सिकोच्या दिनाल्पिनकडे दुर्लक्ष होते, हे मला अन्याय्य वाटते.

कारखान्याच्या संघाने प्रत्यक्ष रॅलीत उतरवलेल्या गाड्यांचा हिशेब सर्वस्वी वेगळा असतो. अपघातानंतर बॉडी बदलणे, इंजिन एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलवणे हे रॅलीच्या धकाधकीत घडतच असे, त्यामुळे ‘हीच ती गाडी’ या दाव्याला जुनी छायाचित्रे, स्पर्धेच्या नोंदी आणि चासीचा क्रमांक या तिन्हींचा आधार लागतो. तिन्ही जुळले, तर ठोकलेली, रंग उडालेली गाडीही चकचकीत करून आणलेल्या निनावी गाडीपेक्षा महाग ठरायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरायचे असेल, तर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा (एफआयए) तांत्रिक पासपोर्ट, म्हणजे गाडीचा तांत्रिक तपशील प्रमाणित करणारा कागद, लागतो. तो असलेली गाडी खरेदीदाराला पहिल्या दिवसापासून स्पर्धेत नेता येते, म्हणून त्या कागदासाठी जास्त पैसे मोजणे मला पटते. १९७३ नंतरच्या १६०० एससीमध्ये अल्पिनच्याच ए३१० या नंतरच्या गाडीवरून आलेले मागील सस्पेन्शन वळणांवर अधिक भरवशाचे आहे, तरीही निवड करायची झाल्यास मी मागील चाके डोलवणारी आधीची गाडीच घेईन, कारण माँटे कार्लोची वळणे तिने त्याच अवघड स्वभावानिशी जिंकली.