खिडकी कुठल्या बाजूची

पुण्याहून सोलापूरला जाताना मी भिगवणपर्यंत डावीकडच्या खिडकीत बसतो आणि भीमेवरचा पूल ओलांडला की उजवीकडे सरकतो. घरच्यांना हा निव्वळ चाळा वाटतो. पण नदीच बाजू बदलते, तिला कोण काय करणार? दौंडपासून ती डाव्या हाताला असते, दिसो न दिसो, पुलानंतर उजवीकडे.

परवा दुपारी असाच सरकून बसलो, तर समोर एक आजोबा नातवाला पाण्याकडे बोट दाखवून सांगत होते, "आधी गाडी हितनं जायची." पोरगं म्हणालं, "पाण्यातनं?"

आजोबांनी "हां" म्हटलं आणि पानाचा डबा काढला. विषय संपला.

खरं तर फार चूक नव्हतं. 1858 साली पुण्याहून रूळ आले ते डिकसळपर्यंत, पुढच्या वर्षी बार्शी रोडला, म्हणजे आपल्या कुर्डूवाडीला. नदीकाठची सपाट जमीन सोयीची आणि वाफेच्या इंजिनाला घोटभर पाणीही हवंच. मग भीमेवर उजनी धरण झालं. 1980 च्या सुमारास पाणी चढत आलं तशी गाडी बाजूच्या उंचावर गेली. काठावरची गावंही उठली.

माझी आजी करमाळ्याकडची. स्टेशनं ती जपमाळेसारखी म्हणायची : दौंड, डिकसळ, पोमलवाडी, जेऊर. रूळ हलले तरी तिची माळ हलली नाही. पॅसेंजरमध्ये वडील म्हणायचे, "आई, पोमलवाडी आता लागत नाही." त्यावर ती, "तुला नसंल लागत," म्हणून बोचकं आवरायला घ्यायची.

तेव्हा तिथे एकेरी मार्ग. पॅसेंजर कुठल्याशा आडस्टेशनात क्रॉसिंगला जी थांबायची ती थांबायचीच. समोरून मेल येऊन जाईपर्यंत भाकरी, शेंगादाण्याची चटणी, कांदा असं सगळं निवांत व्हायचं. वडील फिरकीचा तांब्या घेऊन नळाकडे निघाले की आजीचा जीव खालीवर. सिग्नल पडला रे पडला की ती खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून हाका मारायची. ते मात्र मुद्दाम रमतगमत यायचे आणि चालत्या गाडीत चढायचे. मला ते फार शूर वाटायचं. आता माझ्या मुलाने केलं तर थोबाडीत देईन.

आता मार्ग दुहेरी, वर विजेच्या तारा. क्रॉसिंग नाही, त्यामुळे भाकरी सोडायलाही सवड नाही. पिवळ्या पाट्या अशा सर्रकन जातात की नाव वाचेपर्यंत शेवटचं अक्षर राहतं. वेळ वाचतो हे कबूल. वाचलेल्या वेळात मी मोबाइल बघतो.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. डिकसळच्या जुन्या रेल्वेपुलाचे फोटो काढायला सहसा कोणी जात नाही, कारण तो वापरात राहिला. रूळ निघाले, त्यावर रस्ता झाला आणि इंदापूर-करमाळ्याची वाहतूक त्यावरून सुरू झाली. उसाच्या ट्रॉल्यासुद्धा. मध्यंतरी त्याचा एक भाग खचला. पलीकडच्या गावांचा बाजार, दवाखाना भिगवणला. आणि मध्ये हा दीडशे वर्षांहून जुना दगडी पूल.