साउइन, मांजरांची गुहा आणि खरकटं पाणी

डब्लिनमध्ये ऑक्टोबर लागला की सुपरमार्केटच्या दारात भोपळ्यांचे ढीग लागतात आणि शेजाऱ्यांच्या खिडक्यांत प्लास्टिकचे सांगाडे लटकू लागतात. पहिली दोन वर्षं मला हे हॅलोविन म्हणजे अमेरिकेतून आलेलं फॅड वाटायचं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने शेवटी सुनावलंच, “उलट आहे गं! आम्ही तिकडे नेलं, त्यांनी त्यात भोपळा घालून परत पाठवलं.” तिचं माहेर रॉसकॉमन काउंटीतलं. “खरं बघायचं असेल तर आमच्याकडे जा, गुहा बघ,” म्हणाली.

हॅलोविनच्या मुळाशी असलेल्या सणाचं नाव साउइन. इंग्रजी स्पेलिंग वाचून ‘सॅमहेन’ म्हटलं की समोरचा गालातल्या गालात हसतो. आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचंच हे नाव. सण मात्र 31 ऑक्टोबरचा सूर्य मावळला की सुरू होतो, कारण जुन्या केल्टिक हिशेबात दिवस रात्रीपासून मोजायचा. उन्हाळी कुरणांवरची गुरं घरी आणायची, हिवाळाभर पोसता येणार नाहीत ती कापायची आणि वर्षाच्या अंधाऱ्या अर्ध्यात शिरायचं. मूळ सण असा गुराख्यांचा आहे.

ऑक्टोबरअखेरच्या लाँग वीकएंडला नवरा आणि मी निघालो. आदल्याच रात्री घड्याळं तासभर मागे गेली होती, त्यामुळे पाचच्या सुमारास अंधार पडणार हे नक्की. लाँगफर्डवरून रॉसकॉमनमधलं टल्स्क गाव, डब्लिनपासून साधारण दोन तास. पाऊस होताच, त्याबद्दल काय लिहायचं!

टल्स्कच्या आसपास रॅथक्रोघन पसरलंय. कोनाख्टच्या, म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम प्रांताच्या राजांचं, दंतकथेतल्या राणी मेव्हचं ठिकाण. दोनशेच्या वर पुरातन अवशेष, आणि बघायला गेलं तर हिरवी कुरणं आणि मेंढ्या. मुख्य टेकाड सुमारे 88 मीटर व्यासाचं, पण लांबून बघणाऱ्याला कोणी सांगितलं नाही तर तो सरळ पुढे निघून जाईल. मीही गेले असते.

गुहा मात्र विसरता येत नाही. नाव ओवेनगॅट, म्हणजे मांजरांची गुहा. शेतकऱ्याच्या खाजगी शेतात असल्याने गाइडबरोबरच जायचं. झुडपाखाली एक भोक, एवढंच तोंड. पोटावर सरपटत आत शिरताना डोक्यावरच्या दगडी तुळईवर ओघम या जुन्या आयरिश लिपीतल्या रेघा दिसतात: ‘फ्रेख, मेव्हचा पुत्र’. सुरुवातीचा भाग माणसांनी बांधलेला, पुढे चुनखडीतली नैसर्गिक भेग. गुडघ्याएवढा चिखल. मध्ययुगीन ख्रिस्ती लेखकांनी हिला आयर्लंडचं नरकद्वार म्हटलं. साउइनला हिच्यातून तीन डोक्यांचा राक्षस, ज्यांच्या श्वासाने झाडं करपतात असे पक्षी, असलं काय काय बाहेर पडायचं म्हणे.

तळाशी पोचल्यावर गाइडने बॅटऱ्या बंद करायला लावल्या आणि नेराची गोष्ट सांगितली. साउइनच्या रात्री राजा अलिल पैज लावतो: बाहेर फासावर लटकणाऱ्या कैद्याच्या पायात ओल्या फांदीचं कडं अडकवून या. नेरा जातो. कडं सारखं निसटतं. शेवटी प्रेतच सांगतं, खुंटी ठोक बाबा! आणि वर म्हणतं, मला तहान लागलीये, पाठीवर घे.

इथे माझ्या डोळ्यांपुढे विक्रमराजा उभा राहिला. पण वेताळ कोडी घालतो, याला फक्त पाणी हवंय. पहिल्या घराभोवती आगीचा वेढा. प्रेत म्हणतं, इथे नको, हे लोक विस्तव झाकल्याशिवाय झोपत नाहीत. दुसऱ्या घराभोवती पाण्याचा वेढा, कारण तिथे आंघोळीचं की खरकटं पाणी रात्रभर राहू देत नाहीत. तिसऱ्या घरात सगळं तसंच पडलेलं. प्रेत पोटभर पितं आणि शेवटची चूळ घरच्यांवर टाकतं. सगळे मरतात.

पुढे नेरा या गुहेतून पलीकडच्या जगात शिरतो, तिथे संसार थाटतो, आणि परत येतो तेव्हा राजवाड्यात लोक अजून त्याच हंड्याभोवती बसलेले असतात. पुरावा म्हणून तो हिवाळ्याच्या तोंडावर उन्हाळ्यातली फुलं आणि पाला घेऊन येतो. गोष्टीतला हा भाग सुंदर आहे, पण अंधारात मला सारखी आजी आठवत होती. तीही रात्री खरकटी भांडी ठेवू द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी तोच रस्ता धरून कॅसलबारजवळच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात गेलो, एका सलगमासाठी. भोपळ्याआधी इथे सलगम कोरून कंदील करायचे. डोनेगल काउंटीतल्या फिनटाउनच्या अशाच एका जुन्या कंदिलाचा प्लास्टरमधला हुबेहूब नमुना काचेमागे ठेवलाय: सुरकुतलेला, दात विचकलेला, मेलेल्या म्हाताऱ्यासारखा. भोपळा त्याच्यापुढे अगदीच हसतमुख. नवरा म्हणाला, “हा घरात नको.”

परतताना बार्मब्रॅक घेतला, सुकामेव्याचा गोडसर पाव. पूर्वी यात अंगठी, नाणं, चिंधी, काडी आणि वाटाणा घालायचे: लग्न, पैसा, दारिद्र्य, त्रासाचा संसार आणि अविवाहित राहणं. ज्याच्या तुकड्यात जे येईल ते त्याचं वर्ष. दुकानातल्या पावात आता बहुधा अंगठीच असते. ती माझ्या तुकड्यात निघाली, लग्नाला बारा वर्षं झाल्यावर.

रात्री दिवे मालवताना सिंकमधला भांडी धुवायचा टब साबणाच्या पाण्याने अर्धा भरलेला दिसला. सकाळी बघू म्हणून वळले होते, पण परत फिरले आणि ओतून टाकला.