अ‍ॅलिस दिलं, हवं होतं बॅबकॉक

नर्स म्हणून ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, ड्युटी लागून मला तेव्हा दीड महिना झाला होता. अवजारांची नावं तोंडपाठ होती. चित्रावर बोट ठेवलं की धडाधड सांगायचे. पण ट्रॉलीवर ती ओळीनं लावली की सगळी एकाच आईची लेकरं वाटायची. बोटं घालायच्या त्याच रिंगा, पकड अडकवून ठेवणारं तेच रॅचेट. कोकर नावाचा चिमटा तर सरळ आर्टरीचा (रक्तवाहिनी धरायच्या चिमट्याचा) जुळा भाऊच, फक्त टोकाला दात. (ज्यांचं नाव त्याला आहे त्या कोकर साहेबांना थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९चं नोबेल मिळालं, हे मला पाठ होतं. दात बघायची सवय मात्र नव्हती.)

त्या दिवशी अपेंडिक्सची केस होती. कॉलेजातला मुलगा, दोन दिवस पोटदुखी अंगावर काढून आलेला. मी स्क्रब झाले होते, म्हणजे हात धुऊन, ग्लोव्ह घालून सर्जन सरांना अवजारं द्यायला उभी होते. सुरुवात बरी गेली. पेंटिंगला (कातडीवर जंतुनाशक लावायला) स्पंज होल्डर, ड्रेपला (अंगावरच्या निर्जंतुक कापडाला) टॉवेल क्लिप, ३ नंबरच्या हँडलवर १० नंबरचं ब्लेड.

सरांनी सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) वर घेतलं आणि अपेंडिक्स दिसलं. लालभडक, सुजून करंगळीएवढं झालेलं. नजर न उचलता त्यांनी हात पुढे केला. "बॅबकॉक."

मी रिंगा तळहातावर टेकवल्या. सरांचा हात जखमेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"सिस्टर, हे काय दिलंत?"

आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. ते अ‍ॅलिस होतं. सकाळी ट्रॉली मीच लावली होती, दोन्ही शेजारी-शेजारी.

अ‍ॅलिसच्या टोकाला बारीक दात असतात, एकमेकांत घट्ट बसणारे. पोट शिवताना शीथची (स्नायूंवरच्या चिवट आवरणाची) कड धरायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण तसल्या सुजलेल्या अपेंडिक्सला ते लागलं असतं तर फाटून आतली घाण पोटात गेली असती. बॅबकॉकला दात नसतात. त्याची टोकं कमानीसारखी, मध्ये खिडकी. अपेंडिक्स, आतडं किंवा नसबंदीत गर्भनलिका त्या कमानीत न चेंगरता बसते.

पुढचं सगळं नीट पार पडलं. मॉप (रक्त टिपायची कापडं) आणि अवजारांचा काउंट जुळला. मी मात्र मान वर केली नाही.

केसनंतर सिंकपाशी अवजारं उघडून घासत होते, तेव्हा इन्चार्ज सिस्टर आल्या. आता बोलणी बसणार असं वाटलं. त्यांनी एक जुना ग्लोव्ह घेतला, ताणून माझ्या हातात दिला आणि अ‍ॅलिस लावून ओढलं. रबर टर्रकन फाटलं. मग दुसऱ्या बोटाला बॅबकॉक लावलं. ते घसरून हातात आलं, ग्लोव्हवर ओरखडाही नाही.

"आता सांग," त्या म्हणाल्या, "उद्या तुझंच अपेंडिक्स धरायचं झालं, तर मी यातलं कुठलं देऊ?"