दुसऱ्या रात्रीचा बौरान

लाइव्ह अल्बम एकाच रात्रीचा असतो, हा ऐकणाऱ्यांचा समज आम्ही रेकॉर्डिंगवाले सहसा मोडत नाही. मी आज मोडतोय, कारण एक सेट, म्हणजे सलग वाजवलेल्या धुनींची माळ, डोक्यातून जात नाहीये.

डब्लिनमध्ये हेच काम करतो. बँडचं नाव सांगत नाही. डब्लिनर्स आणि चीफटन्स हे गाजलेले आयरिश लोकसंगीताचे बँड १९६२ चे, ही मंडळी त्यानंतर दहाएक वर्षांनी आलेली. आता सगळे सत्तरी ओलांडलेले. दोन रात्री कार्यक्रम, दोन्ही रेकॉर्ड करायचे आणि चांगलं ते निवडायचं. अर्धवर्तुळात खुर्च्या, मधे पडदे नाहीत, कानात क्लिक (लय धरून ठेवणारी टिकटिक) नाही. 'एकमेकांचे हात दिसले पाहिजेत,' एवढीच त्यांची अट. म्हणजे प्रत्येकाच्या माइकमध्ये बाकी सगळे शिरणार, हे धरूनच चालायचं.

इलिन पाइप्सला, म्हणजे कोपराने भाता दाबून वाजवायच्या आयरिश बॅगपाइपला, दोन माइक लागतात, हे नव्या पोरांना पटवताना दमछाक होते. भाता कोपराखाली, चँटर (बोटांनी धून वाजवायची नळी) मांडीवर आणि ड्रोन (एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या) आडवे, म्हणजे आवाज दोन दिशांनी येतो. त्यात वादक सूर तोडायला चँटरचं तोंड मांडीवर दाबून बंद करतो. माइक जवळ घेतला की हात आपटतो, लांब नेला की शेजारचा बँजो घुसतो. रीड (नळीतली कंप पावणारी पट्टी) एवढी नाजूक की हवा कोरडी झाली की सूर सरकतो, आणि मग बाकीच्यांनी निमूट त्याच्या सुराला लागायचं. एसी बंद ठेवा म्हणून हॉलवाल्यांना बजावलं होतं. त्यांनी हो म्हटलं आणि चालूच ठेवला. हॉलवाले सगळीकडे सारखेच.

पण घोळ झाला तो बौरानचा. बौरान म्हणजे आपल्या डफाचा आयरिश चुलतभाऊ. बकऱ्याचं कातडं, एका हातात टिपर नावाची छोटी काठी, दुसरा हात आतून कातड्यावर फिरवून सूर वरखाली करायचा. आयरिश संगीतकार शॉन ओ रियाडांनी १९६०च्या सुमारास तो मैफलीच्या मंचावर आणला, तोवर त्याला तिथे फारसं कुणी विचारत नव्हतं.

पहिल्या रात्री तीन रीलचा (रील म्हणजे आयरिश नाचाची द्रुत धून) सेट सुरू झाला आणि लोकांनी टाळ्या धरल्या. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. मागच्या रांगेतला माणूस २५ मीटरवर. तो ऐकून टाळी देणार आणि ती मंचावर परतणार, म्हणजे दीडशे मिलिसेकंद उशीर. द्रुत रीलमध्ये तेवढ्यात ठेका पुढे निघून गेलेला असतो. फिडल (म्हणजे व्हायोलिनच) मागे ओढलं जायला लागलं, पाइप्सवाल्याने मान हलवली.

दुसरी धून लागली आणि बौरान बंद. म्हाताऱ्याने टिपर मांडीवर ठेवला, तळहात कातड्यावर टेकवला आणि समोर बघत बसला. टाळ्यांना धरायला ठेकाच उरला नाही. आधी बाल्कनी भरकटली, मग खालचे लोक, आणि थोड्याच वेळात टाळ्या विरून गेल्या. मग नुसतं फिडल, पाइप्स आणि बँजो, असे मोकळे की मी फेडरला, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या पट्टीला, हात लावला नाही. तिसऱ्या धुनीच्या तोंडावर कुणीतरी 'हप!' म्हणून ओरडलं, बौरान परत आला आणि हॉल उसळला.

मिक्सिंगला बसल्यावर निर्माता म्हणाला, 'इथे ट्रॅक गळल्यासारखा वाटतो. दुसऱ्या रात्रीचा बौरान टाक.' ज्या माणसाला रिकामी जागा ऐकवत नाही त्याने लाइव्ह कामं घेऊच नयेत, पण पैसे त्याचे. टाकला. लय वेगळी, म्हणून ठोका ठोका कापून बसवला. दुसऱ्या रात्री पाऊस, कातडं सैल, म्हणून सूर थोडा चढवला. त्या माइकमध्ये त्या रात्रीचं फिडलही होतं, भुतासारखं मागे वाजणारं. ते घालवायला वरचा आवाज छाटला, तर टिपरची टकटक गेली. ती कडेला लावलेल्या दुसऱ्या माइकमधून वेचून आणली. काम चोख झालं, हे मीच सांगतो.

नंतर फिडलवाले बौरानवाल्यांबद्दल सहज बोलून गेले, 'त्यांचं मनगट हल्ली मधेच धरतं हो.' तेव्हापासून कळेनासं झालंय. ती टाळ्या मोडायची युक्ती होती, की हात थकला होता? युक्ती असेल तर त्या रात्रीची सगळ्यात शहाणी गोष्ट मी पुसली. मनगट असेल तर त्यांची लाज राखली. ऐकायला आले तेव्हा बौरानवाल्या आजोबांनी डोळे मिटून पूर्ण सेट ऐकला आणि म्हणाले, 'बरा वाजवलाय.' कुणी, ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. मनगटाचं असतं तर काय बोललो असतो?

अल्बम तसाच बाहेर आला. नीट ऐकणाऱ्याला मात्र एक गोष्ट खटकायला हवी: दुसऱ्या धुनीत बौरान जोरात चालू आहे, आणि टाळ्या विनाकारण बंद पडतात. अजून तरी कुणी विचारलेलं नाही.