अण्णांचे टाळ

लोणंद सोडलं तेव्हाच डाव्या टाचेला चटका बसायला लागला होता. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, अश्व समोरून दौडत गेले, बायका टापांखालची माती कपाळाला लावत होत्या. मला फक्त खाली बसायचं होतं.

२०२२ सालची ही वारी. त्याआधी दोन वर्षं पायी सोहळा नव्हताच. २०२० साली माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला निघाल्या, तेव्हा अण्णा टीव्हीसमोर हात जोडून उभे राहिले होते. “पुढच्या साली चालतच जाऊ,” म्हणाले. पुढच्या साली एप्रिलात ते गेले. ऑक्सिजनची खाट तिसऱ्या ठिकाणी मिळाली, ती नऊ दिवस पुरली. चेहरा दाखवला नाही. विद्युतदाहिनीबाहेर आमचा नंबर रात्री अडीचला लागला. मी आणि भाऊ, दोघंच. ज्या माणसाने उभ्या गावाला खांदा दिला, त्याला खांदा द्यायला कुणी नाही. दहाव्याचा घास गच्चीवर ठेवला. भेटायला कुणी आलं नाही, येणार तरी कसं? त्या दिवसापासून माझा हरिपाठ थांबला. देवाशी भांडण होतं असंही नाही, तोंडच उघडत नव्हतं.

मग जूनमध्ये दिंडीच्या विणेकरी काकांचा फोन आला. “अण्णांचे टाळ २०१९ पासून आमच्या पेटीत पडलेत. घेऊन जा, नाहीतर येऊन वाजव.” २१ जूनला मी आळंदीत होते.

पहिले आठ दिवस मी चिडलेलीच होते. टँकरपाशी भांडणं, पहाटे तीनला आंघोळीची रांग, पालात शेजारणीचं घोरणं, आणि पावली रंगात आली की मधेच घुसून फोन नाचवणारी पोरं. दिवेघाट कसा चढले ते आठवत नाही. जेजुरीला भंडारा अंगावर पडला. नीरास्नान झालं. मी टाळ गळ्यात अडकवून नुसती चालत होते. हात उचलून वाजवले नव्हते.

फलटणच्या पुढे, विडणी आणि पिंपरदच्या मधे, पाय टेकेना. रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसले. मोजा काढला तर लिंबाएवढा फोड. दिंडी पुढे निघून गेली. तेवढ्यात एक म्हातारी डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून शेजारी बसली. परभणीकडची. विचारलं नाही, सांगितलं नाही, माझा पाय उचलून मांडीवर घेतला.

“अहो मावशी, पाय नको...”

“गप बस माय. वारकऱ्याचा पाय हाय.”

तिने कमरेची चंची सोडली. सुपारी, चुना, आणि आतल्या कप्प्यात सुई, दोऱ्याचं रीळ. दोरा ओवला, खोबरेल तेलाच्या बाटलीत बुडवला. “कातडं सोलायचं नाही. दोरा आतच राहू द्यायचा, पाणी झिरपून जातं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “इठ्ठल इठ्ठल म्हण, टोचायले मी आता.”

सुई आत गेली आणि मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, कळवळून. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. सुई दुसऱ्या बाजूने निघाली तरी म्हणतच राहिले. ती दोरा दाताने तोडत होती, हळद दाबत होती, आणि मी रडत विठ्ठल विठ्ठल म्हणत होते. तिने थांबवलं नाही.

“कुनाचे टाळ?”

“वडलांचे.”

“करोनात?”

मी मान हलवली.

“आमचा थोरला बी,” ती म्हणाली. लुगड्याला हात पुसले, वृंदावन डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली. मी चप्पल घालेपर्यंत गर्दीत मिसळलीसुद्धा. तिची दिंडी कोणती, तेही विचारायचं राहिलं.

बरडच्या तळावर समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला आणि लाखो माणसांचे टाळ एकदम थांबले. हरवलेल्या वस्तूंची नावं पुकारली जात होती. एक पिशवी, एक चष्मा. मी डोळे मिटून ऐकत होते. आदल्या वर्षीच्या त्या रात्रीही अशीच शांतता होती, पण तिथे आम्ही दोघंच होतो.

रात्री आमच्या पालात बुवांनी हरिपाठाआधी दोन वर्षांत गेलेल्या दिंडीतल्या सात जणांची नावं घेतली. देशाचा सरकारी आकडाच तेव्हा सव्वापाच लाखांच्या आसपास होता. त्यात अण्णा कुठे आहेत, ते मला कधी सापडलं नव्हतं. इथे ते तिसरे होते, आणि नावापाठोपाठ कुणीतरी म्हणालं, “पखवाज चुकला की डोळे वटारायचे.” सगळे हसले. कुणी त्यांच्या ताकभाताचं सांगितलं, कुणी वाखरीच्या पावसातलं. आमच्या घरी न झालेलं भेटायला येणं ते असं झालं. हरिपाठ सुरू झाला तेव्हा मी टाळ उचलले. दोनदा चुकले. डोळे वटारणारं कुणी नव्हतं, त्याने पुन्हा भरून आलं, पण थांबले नाही.

पुढचं सगळं एकमेकांत मिसळलंय. दोरा नातेपुत्याला कधीतरी गळून गेला. वेळापूरजवळ धावा झाला, टाच विसरून धावले. १० जुलैला, एकादशीला, कळसाचंच दर्शन घेतलं. दर्शनबारीत उभं राहायचं त्राण नव्हतं, आणि हवं ते मागून झालं होतं.

निघताना टाळ काकांना परत दिले. पेटीत अण्णांच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. काकांनी ती काढली नाही. पेन मागून घेतलं आणि खाली माझं नाव लिहिलं.